एकसष्ट राखीव पत्ते

६ फेब्रुवारी

संकल्प: या वर्षी कारखाना नव्या पत्त्यांवर न्यायचाच. काळ्या दगडावरची रेघ. गेल्या वर्षीही हाच संकल्प होता, पण गेलं वर्ष मुळात तयारीचं होतं. त्याच्या आदलंही.

पुढेमागे वाचताना माझा मलाच संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. इंटरनेटवर बोलायचं तर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, मग तो कॉम्प्युटर असो, फोन असो की विणाईचं मशीन. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना वाटलं, चारशे एकोणतीस कोटी पत्ते म्हणजे चिक्कार झाले. आता जगात माणसंच त्याच्या दुप्पट झालीत, आणि एकेकाच्या खिशात, मनगटावर, भिंतीवर यंत्रं. पत्ते संपले. म्हणून नवी पद्धत, सहावी आवृत्ती. तिच्यात किती पत्ते? चौतीस लिहायचे आणि पुढे सदतीस शून्यं द्यायची. मी लिहून पाहिलं. ओळ संपली, शून्यं उरली.

आमचा कारखाना मोज्यांचा. मी इथला नेटवर्क प्रमुख. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे प्रमुख कोण यावरून कधी वाद झाला नाही. दारावरची पाटी मीच छापून घेतली.

८ फेब्रुवारी

नव्या पत्त्यांवरचं जाड पुस्तक आणलं. सहाशे पानी. संकल्प: रोज दहा पानं. आज मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि आभार झाले. आभारच दोन पानी होते, सगळे वाचले. माणसानं कृतज्ञ असावं.

दुपारी विणाई मास्तर आले. हातात अर्ज. विणाईत चार नवी मशीनं आली आहेत. डिझाइन खात्यातून नक्षी थेट मशीनवर पाठवायची तर मशीनला पत्ता हवा. मी नेहमीप्रमाणे चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परिस्थिती कठीण आहे म्हणून सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. हा माणूस मला आवडतो. कारखान्याच्या बसनं येतो, बसनं जातो, आवाज चढवणं नाही, घाई नाही. अर्ज ठेवून गेले.

परिस्थिती खरोखरच कठीण आहे. कारखान्याच्या आतले पत्ते दोनशे चोपन्न. त्यांतले एकशे त्र्याण्णव दिलेले, एकसष्ट राखीव. राखीव म्हणजे राखीव. दहा मोठ्या साहेबांसाठी, ते कधी आले तर. (कित्येक वर्षांत आले नाहीत, पण येणारच नाहीत असं कुणी लिहून दिलंय?) पाच लिफ्टसाठी, लिफ्ट बसली तर. बाकीचे अडीअडचणीला. कोणता पत्ता कुणाकडे हे सगळं माझ्या डोक्यात आहे. सतरा म्हणजे हिशेबनीस, चाळीस म्हणजे पॅकिंगच्या बाई, एकशे बारा म्हणजे भंगारात गेलेला मोठा प्रिंटर. त्याचा पत्ता काढून घ्या असं काही जण सुचवतात. अहो, राब राब राबलाय तो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

११ फेब्रुवारी

पुस्तक: आज वाचन नाही. काल वाचलेलं मुरायला हवं. (काल वाचलं नव्हतं, पण परवाचं होतं.)

घरी नवं वॉशिंग मशीन आलं. हिचं म्हणणं, तेही इंटरनेटला जोडता येतं, धुणं झालं की फोनवर मेसेज येतो. घरातही मी कारखान्याचीच शिस्त ठेवली आहे. आपोआप पत्ता वाटायची जी सोय असते ती बंद. ज्याला हवा त्यानं मागायचा, कारण सांगायचं, मी विचार करतो. हिला म्हटलं, विचार करून सांगतो. लग्नाच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो, असं तिनं ऐकवलं.

१४ फेब्रुवारी

नव्या पद्धतीत एकच खोट आहे. लांबी. आठ गट, मध्ये कोलन, आणि आकड्यांत ए पासून एफ पर्यंत अक्षरं मिसळलेली. हे तोंडपाठ कसं करायचं? दोनशे चोपन्न पत्ते डोक्यात ठेवणारा माणूस मी, मला अवघड नाही. आंघोळ करता करता एक पत्ता घोकायला घेतला. दोन शून्य शून्य एक, कोलन, शून्य डी बी आठ, कोलन. तिसऱ्या गटाला साबण सुटला आणि पत्ता गेला. ही दाराबाहेरून विचारत होती की आत फोन नेलाय का.

दोन कोलन शेजारी शेजारी आले की मधली सगळी शून्यं गृहीत धरायची, असाही एक नियम आहे. असला ढिसाळपणा मला पटत नाही. शून्य असेल तर सरळ शून्य म्हणा की.

नोंद: तयारी अर्धवट असताना नवी पद्धत चालू राहणं बरं नव्हे. म्हणून मी कुणाला पत्ता दिला की त्या कॉम्प्युटरवर नवी पद्धत हातानं बंद करून येतो. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तर सगळ्यात आधी केली. आपण घालून दिलेला धडा आपणच गिरवावा.

१९ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंनी सगळ्या खातेप्रमुखांना बोलावलं आणि नवे पत्ते का हवेत ते समजावून सांगा म्हणाल्या. मी तर यासाठी जन्मलोय. सांगितलं की बाहेरच्या जगाच्या दृष्टीनं आपल्या अख्ख्या कारखान्याला एकच पत्ता आहे. बाहेरचे पत्ते संपलेत, जास्तीचा मिळत नाही. आत आपण दोनशे जण त्या एकाच पत्त्याआडून बोलतो आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते माझं मुख्य यंत्र लक्षात ठेवतं. पॅकिंगच्या बाई म्हणाल्या, म्हणजे एका मोज्यात दोनशे पाय. सगळे हसले. मीही हसलो, थोड्या वेळानं.

हिशेबनीसांनी विचारलं की नव्या पद्धतीत काय होईल. म्हटलं, ज्याचा त्याला मोजा. मग त्यांनी सहज विचारलं, म्हणजे पत्ता मागायला तुमच्याकडे यावं लागणार नाही?

मी म्हटलं, बघू.

जेवण गेलं नाही. रात्री पुस्तक उघडलं. पान बेचाळीसवर लिहिलंय की नव्या पद्धतीत यंत्र आपला पत्ता आपणच तयार करतं. कुणाला विचारत नाही, अर्ज करत नाही. पुस्तक मिटलं. डोळ्यांना ताण नको.

२१ फेब्रुवारी

मास्तर पुन्हा अर्ज घेऊन. तीच चार मशीनं. मी चष्मा पुसला. मास्तरांनी पाणी मागितलं, बसले, विणाईतल्या सुयांबद्दल बोलले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. असा अर्जदार मिळायला भाग्य लागतं. मंजूर करणारच आहे, पण लगेच केलं तर किंमत राहत नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळपासून नाकी नऊ आले. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी त्याच्या साइटवर येतात. पॅकिंगच्या बाई पासवर्ड विसरल्या आणि आठवेल तो टाकत बसल्या. शेवटी साइटनं दार लावून घेतलं. नुसतं बाईंना नव्हे, अख्ख्या कारखान्याला, कारण बाहेरून आम्ही सगळे एकच दिसतो. चूक एकीची, शिक्षा सगळ्या मोज्याला. हिशेबनीस बंद, मॅनेजरबाई बंद, मी बंद.

गंमत म्हणजे विणाईत चालू होतं. डिझाइनमध्येही. बरोबरच आहे, ज्यांना मी पत्तेच दिले नाहीत त्यांचं बंद काय पडणार?

मी मुख्य यंत्र तीनदा बंद करून चालू केलं. चारच्या सुमाराला एकेकाचं सुरू झालं. आधी हिशेबनीसांचं, मग मॅनेजरबाईंचं, मग पॅकिंगच्या बाईंचं. असा हात बसावा लागतो. माझं स्वतःचं तेवढं शेवटपर्यंत चालू झालं नाही, पण वाढणारा शेवटीच जेवतो. विणाई मास्तर तेव्हा हिशेबनीसांच्या टेबलावर वाकून त्यांना काहीतरी दाखवत होते. मोज्याचा नमुना असणार.

३ मार्च

मॅनेजरबाईंनी एकटं बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, सव्वीस तारखेसारखं पुन्हा परवडणार नाही. महिनाअखेर नवी पद्धत लागू झालीच पाहिजे. नाहीतर नेटवर्कचं काम बाहेरच्या कंपनीला देणार, आणि ही खोली सुताच्या नमुन्यांना.

बाहेरची कंपनी म्हणजे जिथं माझा मेहुणा नोकरी करतो तीच. हिचा धाकटा भाऊ. परवापरवापर्यंत माझ्याकडे गणितं सोडवायला यायचा.

मी टप्पे सांगितले. पहिला टप्पा अभ्यास, दुसरा सखोल अभ्यास. बाईंनी तिसरा विचारला. तो दुसऱ्या टप्प्याअंती ठरेल म्हटलं. बाई उठून खिडकीतून मागचं आवार बघायला लागल्या.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. या खोलीत माणसं येतात, अर्ज देतात, बसतात, बोलतात. खोली गेली तर मी कुठे बसणार आणि माझ्याकडे कोण कशाला येणार? हे इथंच लिहितो, घरी बोललो नाही.

संकल्प: उद्यापासून रोज वीस पानं.

९ मार्च

पानं: राहिली.

मेहुणा जेवायला आला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं कारखान्यातला आणि आमच्या घरातला इंटरनेटचा बॉक्स बदलून दिला, तेव्हापासून तो माझ्याशी समजुतीच्या सुरात बोलतो. आज म्हणाला, भाऊजी, आतले पत्ते कमी पडतात तर एक आकडा बदला, दोनशे चोपन्नचे पाचशे दहा होतील. जणू हे मला ठाऊक नाही. म्हटलं, वाटायचे तेवढे पत्ते असले की माणसाला शिस्त राहत नाही.

नंतर तो नवा बॉक्स असा, नवा बॉक्स तसा, तुमच्याकडे तर तो केव्हाचाच, असं काहीतरी सुरू करत होता. मी लगेच जाड पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं चाळलं. बेचाळिसाव्या पानाची खूण बघून थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी भात मागितला. गप्प बसवलं.

हिच्या फोनवर त्याच वेळी मेसेज आला, धुणं झालं. मी काही त्या मशीनला पत्ता दिलेला नाही. शेजारच्यांच्या मशीनचा मेसेज चुकून इकडे येत असणार. कंपन्यांचा कारभारच तसला.

१५ मार्च

विणाईतून चक्कर मारली. चारही नवी मशीनं जोरात चालू. जांभळ्या पट्ट्यांचे मोजे धडाधड पडत होते. नक्षी कशी आणता, असं मास्तरांना विचारलं तर म्हणाले, होतंय कसंतरी. बिचारे पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढत-उतरत असणार. मला फार वाईट वाटलं. त्यांचा अर्ज मी वरच्या ढिगात ठेवला.

२२ मार्च

सुचलं. अगदी दाढी करताना सुचलं.

घोडं पेंड खातं ते इथं: नेटवर्क म्हणजे काय नि मी म्हणजे काय, हे या लोकांनी कधी अनुभवलेलंच नाही. मासा पाण्यात असतो, त्याला पाणी कुठं दिसतं? तेव्हा एकतीस तारखेला सगळ्यांसमोर मी जुनी पद्धत पाच मिनिटांसाठी बंद करणार. फक्त पाच. प्रिंटर गप्प, मशीनं गप्प, हिशेबनीस खुर्चीतून उठून हवालदिल. मग मी म्हणणार, पाहिलंत? हे सगळं एका दिवसात नव्या पत्त्यांवर न्यायचं म्हणताय तुम्ही. एकेका यंत्रापाशी जाऊन, एकेकाला पत्ता देऊन करायचं काम आहे. आठ महिने आणि दोन मदतनीस द्या.

प्रस्ताव मॅनेजरबाईंच्या कानावर घातला. प्रात्यक्षिक म्हटल्यावर त्यांनी नीट विचारलं, पाच मिनिटांत काही बिघडणार नाही ना? म्हटलं, पाच मिनिटं सगळं बिघडेल, तेच तर दाखवायचं आहे. मेहुण्यालाही बोलावते म्हणाल्या. बोलवा. त्यालाही कळू दे.

२९ मार्च

भाषण तयार. हिला म्हणून दाखवलं. पहिल्या पानाअखेर ती डाळ बघायला गेली. ती आल्यावर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

पुस्तक आता वाचायची गरज नाही. आठ महिने मिळणारच आहेत.

३१ मार्च, सकाळी

निळा शर्ट. हिनं इस्त्री करून ठेवला होता, मी न सांगता. दारापर्यंत आली आणि म्हणाली, बंद करण्याआधी एकदा भावाशी बोलून घ्या. बायकोनं भावाची बाजू घ्यायचीच. मनावर घेतलं नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर नवी पद्धत अजून बंदच आहे. चालू करायचं राहिलं. आठ महिन्यांत करू.

३१ मार्च, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

अकरा वाजता सगळे माझ्या खोलीत जमले. मॅनेजरबाई, हिशेबनीस, पॅकिंगच्या बाई, विणाई मास्तर आणि मेहुणा. खुर्च्या कमी पडल्या. इतकी माणसं या खोलीत कधीच आली नव्हती, बरं वाटलं. भाषण केलं. एका मोज्यात दोनशे पाय इथं बाईंनी मान डोलावली. मेहुणा मध्येच काही बोलू पाहत होता, त्याला हातानं थांबवलं. मग मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि जुनी पद्धत बंद केली.

कान बाहेर लावून उभा राहिलो. आरडाओरडा आता येईल, मग येईल. विणाईतून मशीनांचा खडखडाट येत होता. तो तसाच येत राहिला. पलीकडच्या प्रिंटरनं एक पान बाहेर टाकलं, मग दुसरं. हिशेबनीसांचा फोन वाजला. बिल आत्ताच पोचलं, असं पलीकडून कुणीतरी सांगत होतं.

म्हटलं, परिणाम जाणवायला जरा वेळ लागतो. सगळे थांबले. जरा वेळ गेला. पॅकिंगच्या बाईंनी हळूच फोन काढून गिऱ्हाइकाची साइट उघडली. उघडली. त्यांनी फोन पटकन पदराआड केला, चोरी पकडल्यासारखा.

मॅनेजरबाईंनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. माझ्या स्क्रीनवर आलं होतं, कनेक्शन नाही. अख्ख्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर बंद पडला होता.

मग मेहुण्याला बोलावंच लागलं. खाली मान घालून बोलत होता, तेवढं त्याच्या बाजूनं लिहितो. दोन वर्षांपूर्वी बॉक्स बदलला तेव्हाच नवी पद्धत चालू झाली होती. ज्या यंत्रांना मी पत्ता दिला नाही ती मुकाट्यानं नव्या पद्धतीचा पत्ता तयार करून बाहेर बोलायला लागली. जुन्या साइट्सशी बोलायला त्याच्या कंपनीकडे दुभाष्याची सोय आहे. अडकून बसले होते ते फक्त मी पत्ते दिलेले लोक, कारण तिथं मी नवी पद्धत बंद करून यायचो. सव्वीस तारखेला साइटनं दार लावलं तेव्हा मास्तरांनी हिशेबनीसांना ती परत चालू करून दाखवली. मास्तरांना ते कुणी शिकवलं? मशीन बसवायला आलेल्या कारागिरानं जाता जाता सांगितलं होतं. हिशेबनीसांनी पुढच्याला दाखवलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. महिनाभरात सगळा कारखाना झाला. माझ्यापर्यंत कुणी पोचलं नाही.

मॅनेजरबाईंनी मास्तरांना विचारलं की मशीनं पहिल्या दिवसापासून चालू आहेत, मग आठवड्याला एक अर्ज घेऊन इथं कशाला येत होतात?

मास्तरांच्या हातात सुताचा तुकडा होता. तो बोटाला गुंडाळायला लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांना बरं वाटायचं. आम्ही आलो की चष्मा पुसायचे, मग दोन शब्द बोलायचे. कुणीच आलं नसतं तर दिवसभर एकटेच बसले असते हो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. जुनी पद्धत परत चालू करायला कुणी सांगितलं नाही. मीही केली नाही.

२ एप्रिल

रजा. पाठ धरली आहे, असं कळवलंय.

दुपारी हिच्या फोनवर मेसेज आला, धुणं झालं. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, हो, पहिल्या दिवसापासून आपोआपच जोडलं गेलं होतं. मग मला विचारलंस कशाला, म्हटलं. तर म्हणाली, तुम्हाला विचारलेलं आवडतं म्हणून. आणि कपडे वाळत घालायला गेली.

फार वाईट वाटलं. सगळ्यांनी मिळून मला फसवलं असं म्हणून चिडून बघितलं, पण राग काही टिकेना. या घरात आणि त्या कारखान्यात, मी नाही म्हटलेली प्रत्येक गोष्ट माझ्यामागं सुखानं चालू होती. आणि तरी ही माणसं विचारत होती.

कपड्यांचे चिमटे नेऊन दिले. हिनं घेतले.

३ एप्रिल

रजा. जाड पुस्तक उघडलं. पान बेचाळीसपासून पुढे एकोणतीस पानं वाचली, एका बैठकीत. चांगलं लिहिलंय. दोन कोलनचा नियमही वाटला तेवढा ढिसाळ नाही. जी शून्यं सगळ्यांना ठाऊकच आहेत ती कशाला मोजत बसायची?

६ एप्रिल

कामावर गेलो. पाटी काढलेली नव्हती. ती मीच काढली, कुणी काढण्याआधी. स्क्रू गंजले होते, त्यामुळे तेवढा वेळ बाहेरच्या सगळ्यांना दिसत उभं राहावं लागलं. सुताचे नमुने खोलीत यायला लागलेत. चांगले आहेत रंग.

मॅनेजरबाईंनी बोलावलं. वाटलं, आता नारळ. पण नाही. नेटवर्क मेहुण्याच्या कंपनीकडे गेलं, मात्र मला काढायचा प्रश्नच नाही म्हणाल्या. मग खिडकीतून मागचं आवार दाखवलं. पार्किंग. जागा चाळीस, गाड्या शंभरावर, रोज सकाळी भांडणं. काल दोघं हमरीतुमरीवर आले होते. हे कुणीतरी हातात घ्यायला हवं, तुम्ही घ्याल का, असं त्यांनी विचारलं. चक्क विचारलं.

म्हटलं, विचार करून सांगतो. लगेच सांगितलं, घेतो.

बाई फार हुशार आहेत. मर्यादित साधनांचं वाटप हा ज्याचा हयातभराचा अनुभव आहे, असा माणूस त्यांनी अचूक हेरला. नव्या पत्त्यांचा गाजावाजा ठीक आहे, पण त्या सदतीस शून्यांनी गाडी लावायला एक हात जागा वाढणार आहे का? इथं खरी कसोटी.

९ एप्रिल

मेहुणा नेटवर्क ताब्यात घ्यायला आला. कोणता पत्ता कुणाकडे ते मी तोंडी सांगितलं, एकापासून दोनशे चोपन्नपर्यंत, एकही चूक नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आता त्याचा काही उपयोग नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एकशे बाराला थांबून त्यानं विचारलं, हा कोण? म्हटलं, प्रिंटर होता एक, फार कामाचा. एकसष्ट राखीव पत्तेही त्याच्या हवाली केले. घेतो म्हणाला. पोरगा तसा वाईट नाही.

जाताना त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर नवी पद्धत चालू करून दिली. एक टिचकी. झालं.

१२ एप्रिल

संकल्प: पार्किंगमध्ये शिस्त. काळ्या दगडावरची रेघ.

चाळीस जागांना आकडे घातले. पांढरा रंग, ब्रश मीच मारला. नऊ जागा राखीव. दोन मोठ्या साहेबांसाठी, ते कधी आले तर. बाकीच्या अडीअडचणीला. टेबल आवारातल्या झाडाखाली मांडलंय. उकडतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसतो. सकाळपासून बरेच अर्ज आले. हिशेबनीसांना परिस्थिती कठीण आहे म्हणून सांगितलं. ते चिडले. खरोखर चिडले, तावातावानं बोलले. फार बरं वाटलं.

चारच्या सुमाराला विणाई मास्तर आले. हातात अर्ज. पाणी मागितलं, बसले, गुडघ्याची चौकशी केली. मग अर्ज पुढे केला, एक जागा मिळाली तर बघा म्हणाले. मी सवयीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परिस्थिती कठीण आहे म्हणणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं. मास्तर कारखान्याच्या बसनं येतात. त्यांच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही.

मास्तर झाडाकडे बघत होते.

अर्ज तिथल्या तिथं मंजूर केला. दाराजवळची, सावलीतली जागा दिली, सतरा नंबर. आजपासून ती मास्तरांची. तिथं दुसऱ्या कुणी गाडी लावली तर मी खपवून घेणार नाही.